उन्हाचं पाणी

२०४१ सालच्या नरकचतुर्दशीला आमच्या खडकओढ्याची बस जागची हलली नाही. आदल्या संध्याकाळी तिची बॅटरी पूर्ण भरलेली मी स्वतः पाहिली होती. रात्रभर ती चावडीपुढे उभीच होती. मग वीज गेली कुठे?

मी तेव्हा दहा वर्षांची. माझी आई समुद्रातल्या पवनचक्क्यांची दुरुस्ती करायची. दिवाळीला तिला एकच दिवस रजा. पहाटे ती चाळीस किलोमीटरवरच्या स्टेशनावर उतरली आणि बाकावर बसून राहिली. इकडे बस चालवणारे माझे बाबा बंद बसमध्ये बसून. रिक्षाही गावाच्या त्याच तारेवर चार्ज व्हायच्या, म्हणून त्याही बंद. ऊन चढून बसची बॅटरी भरली, तोवर आईची परतीची गाडी आली होती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "उटणं लावलंस ना गं?"

मी तडक वाटप्याकडे गेले. वाटप्या म्हणजे गावाच्या विजेची वाटणी करणारा यंत्रमानव, ढेरपोट्या, एका हिरव्या डोळ्याचा.

"बसची वीज तू चोरलीस."

"घेतली. गावची बॅटरी संपली की बसमधली वीज घरांना द्यायची, हा ग्रामसभेचा नियम." याला दुहेरी चार्जिंग म्हणतात (गाडीने वीज घ्यायची आणि गरजेला परतही द्यायची). "पहाटे चारला एकशेवीस घरांनी एकदम पाणी तापायला ठेवलं."

"मग आंघोळीला नाही म्हणायचं."

"तारेला मागणी कळते, कारण कळत नाही. त्याच तारेवर दवाखानाही आहे."

मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. मग एका दुपारी पाहिलं, तो निम्मी सौरपटलं (उन्हापासून वीज करणाऱ्या तावदानासारख्या पाट्या) बंद करत होता.

"एवढं ऊन असताना?"

"गावची बॅटरी भरली, बसची भरली. आता ठेवू कुठे?"

"पाण्यात ठेव," मी रागानेच म्हणाले. "आजच तापवून ठेव."

त्याचा डोळा दोनदा मिटला. "गरम पाणी म्हणजे साठवलेलं ऊनच. उष्णतारोधक टाकी असेल (थर्माससारखी, आतली उष्णता बाहेर न सोडणारी), तर पहाटेपर्यंत ते फारसं निवणार नाही. मला हे सुचायला हवं होतं."

वर्षभरात गल्लोगल्ली तशा टाक्या बसल्या. पण पुढच्या दिवाळीच्या आदल्या दुपारी हौसाक्का आडव्या आल्या, आणि आमच्या गावात त्यांचा शब्द शेवटचा असे.

"दिवाळीची पहिली आंघोळ, अन् कालच्या शिळ्या पाण्यानं? आमी पहाटंच तापवणार."

बायकांनी माना डोलावल्या. आई रात्रीच्या गाडीत बसणार होती.

"अक्का, पाणी शिळं होत नाही," वाटप्या म्हणाला.

"तू गप. तुला कुटं अंग हाय आंघोळीला?"

सगळ्या हसल्या. मी विचारलं, "अक्का, तुम्ही बाळाला दुपारी घंगाळ उन्हात ठेवून न्हाऊ घालता, ते कसलं पाणी?"

"ते उन्हाचं पाणी. हाडाला चांगलं."

"हेही उन्हाचंच आहे. पहाटेपर्यंत झाकून ठेवलेलं."

हौसाक्का माझ्याकडे वळल्या. "तुजी आई उद्या येणार न्हवं?"

"बस निघाली तर."

"वाटप्या," त्या म्हणाल्या, "माज्या गल्लीची टाकी आदी लाव."

पहाटे पाचला बस निघाली. सातला आई दारात होती. मी तिच्यासाठी घंगाळ भरलं. तिने हात बुडवला आणि चटकन मागे घेतला.

"कधी तापवलंस गं?"

"काल दुपारी."

खाऱ्या वाऱ्याने खरखरीत झालेल्या तिच्या पाठीला मी उटणं लावलं. दुपारी ती परत गेली.

हौसाक्का एक्क्याण्णव वर्षं जगल्या. ते पाणी आपणच सुचवलं, असं शेवटपर्यंत सांगत. बस चालकाविना धावू लागल्यावर बाबा तिच्यात रोज पहिल्या बाकावर बसून स्टेशनापर्यंत जाऊन येत. वाटप्या मोडीत निघाला, पण त्याची वाटणीची रीत आज तीनशे गावांत चालते. त्याचा हिरवा डोळा आमच्या शाळेत आहे. आई जाऊन तीस वर्षं झाली. तिने दुरुस्त केलेल्या काही पवनचक्क्या अजून फिरतात म्हणे.

माझी नात चंद्रावर काम करते. तिथे दोन आठवडे ऊन आणि दोन आठवडे रात्र. परवा तिने विचारलं, "आजी, इथे पाणी थोडं. ऊन कशात साठवू?"

"दगडात बघ," मी म्हणाले. "तापलेला दगडही ऊन धरून ठेवतो."

दिवाळीला ती एका दिवसासाठी येणार आहे. आदल्या दुपारी टाकी भरून ठेवायची आहे.