मागे वळून पाहणारा बैल

माझी अश्लेषामावशी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मोजल्याशिवाय ती बोलत नाही. म्हणून तिने जसं सांगितलं तसंच सांगते. घडलेलं आहे.

ऑगस्ट २०११. मस्कतमधलं दार्सैत, मावशी तेव्हा तिथे राहायची. रमजानचे दिवस. आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची.

जवळच्याच मत्राच्या बाजारात अहमदचाचांचं जुन्या चांदीचं दुकान होतं. मूळचे रत्नागिरीचे. मावशीला लेकीसारखं मानत. दागिन्यांच्या ढिगात त्यांना एक ग्रीक नाणं सापडलं होतं. पातळ, काळवंडलेलं, दुर्मीळ. एका बाजूला मान वळवून मागे पाहणारा बैल. दुसऱ्या बाजूला तोच बैल, पण आत खोल दाबलेला. चांदी खरी आहे का, एवढंच मावशीने मोजून सांगायचं होतं.

नाणं सिबारिसचं, चाचांनी सांगितलं. इटलीच्या किनाऱ्यावर ग्रीकांनी वसवलेलं शहर. लोक इतके सुखासीन, की झोपमोड नको म्हणून गावात कोंबडा पाळायलाही बंदी. ठोकाठोक करणाऱ्या कारागिरांनाही बंदी. पुढे शेजारच्या शहराने ते जिंकलं आणि नदी वळवून अख्खं बुडवलं, असं म्हणतात.

"घासू नको हां, बाय," चाचा हसत म्हणाले. "तुम्हा बायकांना भांडं चकाकल्याबिगर चैन नाय. हा काळा रंग म्हणजे त्याचं वय."

मावशीने नाणं घरी नेऊन त्याची घनता मोजली. चांदी खरी निघाली. नाणं तेव्हाच पुडीत बांधायला हवं होतं.

पण बैलाचा डोळा काळ्या थराखाली होता. तो मागे वळून काय बघतोय...

गरम पाणी, खायचा सोडा, अॅल्युमिनियमची फॉइल. घरची चांदी ती अशीच उजळायची. थर बघता बघता गेला. डोळा उघडला.

आणि एसीचा आवाज थांबला.

एसी चालू होता. गार वारा अंगावर येत होता. फक्त आवाज नव्हता...

फ्रिजचा नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा नाही. तिने हातातला चमचा फरशीवर टाकला.

तोही निमूट पडला.

मग... पाणी.

नळ बंद होते. आवाज फरशीखालून येत होता. तिसऱ्या मजल्यावर, फरशीखालून नदी वाहत होती.

उकडलेल्या अंड्याच्या बलकाने चांदी काळी पडते, हे तिला माहीत होतं. तिने अंडं आणि नाणं एका डब्यात कोंडलं. बैलाचा डोळा पुन्हा काळवंडला, तसा एसी घरघरू लागला.

हा थर कच्चा आहे, बोटांनी पुसला जाईल, हेही तिला माहीत होतं.

तरी तिने नाणं परत नेऊन दिलं.

"घासलं नाहीस ना?"

"नाही, चाचा."

चाचांनी नाण्यावरून मायेने अंगठा फिरवला आणि ते खिशात ठेवलं.

काही दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला.

"बाय, ह्याचा काळा रंग माझ्या अंगठ्याला लागतोय. आणि बाजार कसा गप झालाय बघ. रमजान असला म्हणून एवढा? तू काय केलं नाहीस ना?"

खरं ओठांवर आलं होतं. दुकानातून आत्ता बाहेर पडा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

"नाही, चाचा."

फोन कट झाला नाही. नुसता... गप झाला.

रोजा सोडायच्या वेळी चाचांचा पुतण्या यासिर दुकानात गेला. चाचा खुर्चीत बसलेले होते. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. पण कपडे गळ्यापर्यंत ओले होते. दाढीत गाळ होता. मत्रात कित्येक महिने पावसाचा थेंब नव्हता.

नाणं सापडलं नाही.

मावशी आता ठाण्यात असते. घरातली चांदी काळी पडलीय, दिवाळीलाही ती घासत नाही. दुपारभर रेडिओ मोठ्याने लावून ठेवते.

हे सगळं तिने मला गेल्या महिन्यात सांगितलं. सांगून झालं, तेव्हा मला वाटलं रेडिओ बंद पडला. पाहिलं तर त्याचा दिवा चालू होता. छताचा पंखा फिरत होता.

मावशी माझ्यामागे कुठेतरी बघत होती. तिचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं... पण ती काय म्हणतेय, ते मला कळलं. पुन्हा पुन्हा तेच.

नाही, चाचा.