मधली काच

नकली फोन मला वजनावरूनच कळतो. इस्त्रीवाल्या मावशींनी काउंटरवर ठेवलेला उचलला आणि माझं डोकंच फिरलं.

"मावशी, कुणी गळ्यात मारला हा?"

"रस्त्यावर एकजण जुना घेऊन नवा देत होता. कंपनीचा आहे म्हणाला."

"कंपनीचा म्हणे! अहो, मागे तीन कॅमेरे दिसतायत, त्यातला खरा एकच. बाकी नुसत्या काचा. फेकून द्या."

मावशींचा चेहरा उतरला. त्यांची मुलगी मागच्या वर्षी तापाने गेली. तिचे सगळे फोटो त्या जुन्या फोनमध्ये होते, ते भामट्याबरोबर गेले. घरात कागदावरचा एकही नाही. हे मला ठाऊक होतं, तरी जीभ सुटली. गिऱ्हाइकावर डाफरलो की शेजारच्या स्टुलावरून दादा कोपर मारायचा. दादा गेल्यापासून ते स्टूल रिकामं आहे. तो बसला की ते करकरायचं; आता मी त्याच्यावर सामानसुद्धा ठेवत नाही.

"फेकायचा नाहीये रे," मावशी म्हणाल्या. "यात ती येते. पण चेहरा येत नाही. मला आता तिचा चेहरा नीट आठवेनासा झालाय. तेवढं दुरुस्त करून दे."

त्यांनी फोटो दाखवले. त्यांची खोली, टेबल, इस्त्री, कपड्यांचा ढीग. आणि प्रत्येक फोटोत डाव्या कडेला, अगदी जवळ, एक पिवळी बाही.

"शेजारची कुणी असेल."

"घरात मी एकटीच असते. आणि बाहीवरची घडी बघ. माझ्या हातची आहे."

ते फोटो पडद्यावरच्या, मधल्या काचेसाठी दिलेल्या बटणाने काढलेले होते. नकली फोनवर ते बटण म्हणजे निव्वळ थट्टा. मी मागचं झाकण उघडलं. मधल्या काचेमागे काळा कागद चिकटवला होता, दुसरं काही नाही. झाकण लावलं, खऱ्या कॅमेऱ्यावर अंगठा दाबून धरला आणि त्याच बटणाने कपाटाचा फोटो काढला. काळोख यायला हवा होता.

कपाट स्वच्छ आलं. कडेला काहीतरी निळसर होतं. बोट मध्ये आलं असेल असं समजून मी तिकडे नीट पाहिलं नाही.

अंगावर काटा आला होता, पण डोकं चालत होतं. बाही एवढी मोठी दिसत होती, म्हणजे ती फोनच्या अगदी जवळ होती.

"मावशी, फोटो कायम तुम्हीच काढता ना?"

"मग दुसरं कोण काढणार?"

"ती तुम्हाला खेटून उभी असते. चेहरा येणार कसा? तुम्ही तिकडे दारापाशी उभ्या राहा. मी काढतो."

मावशींनी केस सारखे केले. अंगठा पुन्हा खऱ्या कॅमेऱ्यावर ठेवून मी मधल्या काचेचं बटण दाबलं.

फोटोत दोघी होत्या.

मावशी धावत आल्या.

"अगं बाई, केस बघ कसे!" त्या रडता रडता म्हणाल्या. "विंचरायला नको हिला! दातही अजून वेडावाकडाच." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग माझं लक्ष फोटोच्या कडेला गेलं.

अगदी जवळ, धूसर, निळ्या चौकड्यांची बाही.

मी पांढरा शर्ट घातला होता.

बाहीला मनगटापाशी भोक होतं, फोन दुरुस्त करताना तापलेलं सोल्डर सांडून जळल्यावर पडतं तसं. दादाच्या एकाही शर्टाची बाही धड नसायची. आई त्यावरून रोज त्याचा उद्धार करायची.

"मावशी," मी फोन त्यांच्या हातात दिला. "जायच्या आधी माझा एक काढाल?"

मी माझ्या जागेवर जाऊन बसलो आणि समोर बघत राहिलो.

शेजारचं स्टूल करकरलं.