कानसेनाची कढई

कॉफी भाजून विकणाऱ्या त्या दुकानात त्याला सगळे कानसेन म्हणत. यंत्रात दाणे फिरत असताना तो तिकडे पाठ करून पेपर वाचत बसायचा आणि आतून तडतड आली की बरोब्बर उठायचा. तीस वर्षांत त्याच्या हातून एकही घाणा करपला नव्हता. मग साठीच्या तोंडावर त्याचे कान गेले. सगळे गेले नाहीत. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, टोमणे तर हमखास ऐकू यायचे. गेले ते बारीक, उंच पट्टीतले आवाज: पाखरं, कुकरची शिट्टी आणि दाण्यांची तडतड.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. दुकानात तो घड्याळ आणि रंग पाहून वेळ मारून नेत होता. पण मालकीणबाईंच्या डोक्यात एक किडा वळवळला. पूर्वी सैनिक छावणीत भाजायचे तशी कॉफी दर रविवारी मागच्या अंगणात उघड्या विस्तवावर भाजायची आणि गिऱ्हाइकांना तिथंच पाजायची. तुमचे वडील सैन्यात होते, तेव्हा हे तुम्हीच करा, त्या म्हणाल्या. जमलं तर काम कायमचं तुमचं. नाही जमलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. यंत्र शिकायला नवा माणूस कालच येऊन गेला होता. शिवाय विस्तवापुढे घड्याळाचं काही चालत नाही. वारा फिरला की आच फिरते, धुरात रंग कळत नाही. तिथं कानच लागतात.

वडिलांची लांब दांड्याची कढई माळ्यावर होती. तिची गोष्ट त्याला पाठ होती. तोफांनी वडिलांचे कान सुन्न झालेले, त्यात शत्रू जवळ म्हणून बोलायला बंदी. वडील उकिडवे बसून दाणे हलवायचे आणि त्यांचा जोडीदार मागे उभा राहून ऐकायचा. खांद्यावर एक थाप पडली की समजायचं, तडतड सुरू झाली, आच कमी कर. दोनदा पडली की उतरव. तीनदा पडली की विस्तव विझव, कप पालथा घाल आणि चालू लाग. कुठं, कशाला, विचारायचं नाही. तो जोडीदार पुढे कुठे गेला, असं विचारलं की वडील कढई घासायला घ्यायचे.

रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्याने परसात तीन विटा मांडून सराव सुरू केला. दोन दिवस नुसता कोळसा झाला. मी शेजारी बसून सांगते, असं बायको म्हणाली. पण रविवारी चारचौघांत बायकोला कानाशी घेऊन कसं बसायचं? दोघंही हसले.

तिसऱ्या सकाळी दाणे हलवताना त्याच्या खांद्यावर थाप पडली. त्याला वाटलं, बायकोच आली. त्याने लाकडं मागे ओढली. थोड्या वेळाने दोनदा थाप पडली, तशी त्याने कढई उतरवली. दाणे असे एकसारखे भाजले होते की त्याच्या जिवात जीव आला. शाबासकी द्यायला तो वळला, तर मागे कुणीच नव्हतं. बायको आत आंघोळीला गेली होती.

तीस वर्षांची सवय आहे, कान गेले तरी अंगाला कळत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम रिकामी कढई हलवून पाहिली. थाप पडली नाही. दाणे टाकले, आणि पडली.

"स्वतःच्याच शर्टाला हात पुसता का हो?" बायको धुण्याला बसताना कुरकुरली. उजव्या खांद्यावर काजळीची चार बोटं उमटली होती. त्याने डावा हात खांद्यावर ठेवून पाहिला. त्याच्या बोटांची टोकं पाठीकडे जात होती. डागाची टोकं छातीकडे होती.

खरं तर त्याने घाबरायला हवं होतं. पण त्याला बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी त्याच्यासाठी ऐकत होतं.

पहिल्या रविवारी अंगण भरलं. त्याने विस्तवाकडे नजर लावली आणि खांदे सैल सोडले. एक थाप. मग दोन. मालकीणबाईंनी पहिला घोट घेतला आणि नव्या माणसाला यायची गरज नाही म्हणून तिथल्या तिथे कळवून टाकलं. तेव्हापासून घरी परसात तो तिसरा कप भरून विस्तवाशी ठेवू लागला. कप कधी रिकामा व्हायचा नाही. फक्त बाकीच्या दोन कपांआधी गार व्हायचा.

असे सहा रविवार गेले. एका सोमवारी, सुट्टीच्या सकाळी, दोघं नवरा-बायको परसात बाकावर बसले होते. कॉफी छान उतरली होती. ऊन कोवळं होतं. बायको म्हणाली, तुमच्या हातची अशी कॉफी मी लग्नापासून प्यायले नव्हते. तो सुखावला. कप दोन्ही हातांत धरून तो शेकत बसला.

"अहो, हाक मारा की," बायको मान न वळवता म्हणाली. "तीन-तीनदा काय थोपटताय?"

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही कपाभोवतीच होते.

मग तिच्या पांढऱ्या स्वेटरकडे पाहिलं. उजव्या खांद्यावर चार बोटं होती.

"चुकून लागला हात," तो म्हणाला. "बस तू. अजून आहे कॉफी."

पण तिने उरलेली कॉफी विस्तवावर ओतली. कप बाकावर पालथा घातला आणि पायाने चपला चाचपू लागली. थापांची ती गोष्ट त्याने तिला कधीच सांगितली नव्हती.

त्याने तिचा हात घट्ट धरला. आपला कप पालथा घातला.

मग उजवा खांदा जरासा मागे केला आणि वाट पाहत राहिला.