बिनखटक्याचा चाकू

लोखंडी पेटी अंगणात उपडी झाली आणि देविदासचे सारे चाकू फरशीवर खणखणत पसरले... शिंगाच्या मुठीचे, पितळेचे, हाडाचे. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात भंगाराचे ढीग उपसून, वर्षानुवर्षं एकेक निवडून आणलेले ते जुने घडीचे चाकू! रामप्रसादनं एक उचलला आणि दगडी उंबरठ्यावर आपटला. मूठ फुटून तिचे तुकडे उडाले. दुसरा त्यानं बुटाखाली चिरडला. सैन्यातून सुटीवर आलेला तो उंचापुरा गडी असा काही पेटला होता, की मांडव घालणारी माणसं हातातले बांबू टाकून बाजूला झाली.

"बहिणीचं डोस्कं फोडणाऱ्याला वाचवलं, आन् त्याच चाकूला तेल लावून ठेवून राहिला हा माणूस! काहून? वसराम पुन्हा आला तर त्याला पाटावर बसवशील, व्हय?"

सहा वर्षांनी धाकट्या भावाच्या तोंडून देविदाससाठी शब्द निघाले... ते हे! उद्या मिनाचं दुसरं लग्न. त्या निमित्तानं रामप्रसाद घरी आला, म्हाताऱ्या आईच्या, याडीच्या, पाया पडला, बहिणीला पोटाशी धरलं. पण थोरल्या भावासमोरून भिंतीसमोरून जावं तसा निघून गेला. लग्नाच्या गडबडीत तरी तो एकदा 'भिया' अशी भावाची हाक मारेल, या एका आशेवर देविदास सकाळपासून त्याच्या मागंपुढं घुटमळत होता.

सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस देविदासला कसा विसरता येणार! आखाडा बाळापूरच्या रस्त्यानं अनवाणी पळत आलेली मिना, कपाळ फुटलेलं, पदर रक्तानं चिकटलेला... आणि तिच्यामागं मोटारसायकलवरून तिचा नवरा वसराम, हातात काठी. दारातच त्यानं तिचे केस धरले आणि तिला फरफटत ओढलं. याडी आडवी आली तर तिच्या पाठीतही काठी बसली. तेव्हा रामप्रसाद घरातून सुटला. भरतीसाठी रोज पहाटे धावणारं, तांड्यानं ज्याच्यावर आस लावलेली ते पोरगं! त्यानं पेटीतून हाताला लागेल तो चाकू ओढला आणि उघडला.

पण 'टक्' असा आवाज आला नाही! पातं पुरतं उघडलं की मुठीतली कमान टक् करून वाजते. नुसत्या त्या आवाजावरून देविदास आपला प्रत्येक चाकू ओळखायचा. न वाजणारा चाकू एकच होता. आजोबांचा. बैलांवर मिठाची पोती लादून ते मुलूख फिरत, तेव्हा कमरेला असायचा तो. त्याला पातं अडवणारा खटका नव्हता आणि कमानही झिजून मेली होती. कशावर आपटला तर पातं उलटं मिटून धरणाऱ्याच्याच बोटांवर येणार! ती बोटं गेली तर कसली भरती, कसली बंदूक... विचार करायला वेळ कुठं होता? रामप्रसादनं वार केला त्याच क्षणी देविदासनं झेप घेऊन त्याची मूठ आपल्या मुठीत झाकली. वसरामनं अंग चोरलं, चाकू दाराच्या चौकटीवर बसला, आणि मिटणारं पातं देविदासच्या दोन बोटांत हाडापर्यंत रुतलं. त्या गोंधळात वसराम पळाला.

रामप्रसादला एवढंच दिसलं, की ऐन वेळी भावानं आपला वार अडवला. "पातं धरलंस तू! त्या हरामखोरासाठी!" असं ओरडून तो जो घराबाहेर पडला, तो भरती होऊनच परतला. धार लावताना लागलं, असं देविदासनं दवाखान्यात सांगितलं. मिनाची सोडचिठ्ठी करवून तिला सन्मानानं घरी ठेवलं तेही त्यानंच. पण बोटांचं खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर भावाच्या उरावर जन्माचं ओझं बसलं असतं! त्यापेक्षा त्याचा राग सोसलेला काय वाईट?

"हाच तो!" रामप्रसाद गरजला. तेलानं चमकणारा आजोबांचा चाकू त्याच्या हाती लागला होता. "याचे आता तुकडेच करतो."

त्यानं पातं उघडलं. आवाज आला नाही.

"रामप्रसाद, न्हाई! ठेव तो!"

पण रामप्रसादनं सारी ताकद लावून चाकू दारातल्या लाकडी मेढीवर हाणला... आणि त्याच्या मुठीवर पुन्हा एक मूठ येऊन बसली, या खेपेला डावी! खच्च असा आवाज झाला. मेढीवरून रक्ताचा ओघळ खाली आला. मिना किंचाळली, "भिया!"

रामप्रसाद रागानं मागं वळला आणि तसाच थबकला. अंगणात वसराम नव्हता. मेढीपलीकडं कुणीच नव्हतं.

"आता... आता कोणाला वाचवून राहिला तू?" त्यानं विचारलं.

रामप्रसादनं खाली पाहिलं. मिटलेलं पातं भावाच्या बोटांत रुतलं होतं, आणि त्या बोटांच्या खाली त्याची स्वतःची बोटं होती... धडधाकट, नखालाही धक्का न लागलेली! त्यानं पातं सोडवलं. मग भावाचा उजवा हात ओढून डोळ्यांसमोर धरला. न वळणाऱ्या त्या दोन बोटांवरचा जुना व्रण अगदी त्याच जागी होता.

"माझी बोटं व्हती ही, भिया... माझी! अन् मी तुला सहा वर्षं..." ज्या बुटांनी चाकू चिरडले त्यांच्याच टाचांवर तो खाली बसला आणि भावाच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडू लागला. "काहून न्हाई सांगितलंस?"

"सांगून काय करू, लेकरा? बंदूक धरताना रोज माझी बोटं आठवली असती तुला." देविदासच्याही डोळ्यांना धार लागली होती. मिनानं धावत येऊन हळदीची मूठ जखमेवर दाबली, उद्यासाठी कुटलेल्या हळदीचीच, आणि वर पदराची पट्टी बांधली.

बऱ्याच वेळानं रामप्रसाद शांत झाला. फुटलेल्या मुठी, वाकलेली पाती गोळा करून त्यानं पेटीत भरली. शेवटी आजोबांचा चाकू पुसून मिटला आणि तो भावापुढं फरशीवर ठेवू लागला. चाकू कधी हातात देऊ नये, भांडण लागतं, हे देविदासनंच त्याला लहानपणी शिकवलं होतं.

देविदासनं पट्टी बांधलेला हात पुढं केला.

"खाली ठेवू नको. हातात दे."

"भांडण होतं म्हणायचास ना, भिया?"

"होऊ दे," देविदास म्हणाला. "भांडायला तरी बोलशील माझ्याशी!"