आठवा माइक

आवाज टिपणं हा माझा धंदा, त्यामुळे गावामागच्या धबधब्याला मी बारा वर्षं शिव्या घालत आलेय. आमच्या डोंगरात माइक कुठेही लावा, त्याची घरघर आत शिरणारच. सणासाठी तैपेईहून आले, शाळेच्या मैदानावर आठ गाणाऱ्यांसाठी आठ माइक उभे केले आणि यंत्राकडे पाहिलं. आवाजाचा काटा नेहमीसारखा तिसऱ्या रेघेवर बसला होता. घरघर हजर!

पेरणीआधीचं गाणं आम्हा बुनुन आदिवासींत पुरुषच गातात. पाठीमागे हात गुंफून गोल उभं राहायचं. शब्द नाहीत, नुसते सूर, हळूहळू वर चढणारे. माणसं जोडीनं हवीत, विषम आकडा चालत नाही. सूर जुळला नाही तर त्या वर्षी राळ्याचं बी मातीत टाकायचं नाही.

सगळ्यात वरचा सूर तीस वर्षं माझ्या बापाचा, लाउंगचा. बापाला आम्ही तामा म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्याचा आवाजच कापून काढला. आता गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं, आणि बोलायला पाटी.

"तुझ्या जागी मास्तरला घेऊ," उमासकाका म्हणाला. गाण्याचा म्होरक्या तोच. "राग मानू नकोस लाउंग. पण मुका माणूस उभा करून राळं उगवायचं नाही रे."

तामाने पाटीवर लिहिलं, 'मी उभा राहणार.'

"राहून करशील काय? फोटो काढून घेशील?"

"काका, तोंड सांभाळ," मी म्हणाले. पण खरं सांगते, लाज मलाही वाटत होती. पाच गावं जमलेली, वर पाहुणे, आणि त्यांच्यासमोर माझा बाप भोकातून फुसफुसणार.

तामाने पाटी पुसली आणि लिहिलं, 'आणतो.'

"काय आणतोस? रानडुकराचं मटण?" काका खदखदून हसला.

तामा हसला नाही. तो उठला आणि धबधब्याच्या वाटेने चढत गेला. तासाभराने परतला आणि गोलात आपल्या जागी उभा राहिला. त्याला हात धरून बाहेर काढायची हिंमत काकालाही झाली नाही. मास्तर आपला मागे सरला.

मी मात्र आठवा माइक बंद केला. बापाचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी वायरी चाचपत बसले.

काकाने पहिला सूर लावला. एकेक करत सात आवाज झाले, जाड, संथ, आणि गोल डावीकडे सरकू लागला. सूर चढला, चढला, आणि जिथे वरचा आवाज यायला हवा तिथे काकाच्या मानेच्या शिरा ताणल्या.

आणि वरचा आवाज आला.

अगं आई गं! असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तीस वर्षांत तामाचाही नाही. पायाखालची जमीन गाते आहे असं वाटलं. म्हाताऱ्या बायका उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

तामाचं तोंड मिटलेलं होतं.

आठव्या माइकचा काटा टोकाला टेकला होता. मी वायर उपटली. ती माझ्या हातात होती.

काटा खाली आला नाही.

मग लक्षात आलं, हेडफोनमध्ये काहीतरी कमी आहे. घरघर नव्हती.

गाणं संपलं. काका तामाच्या पायाशीच बसला. "लाउंग, कुठून आणलंस रे हे?" तामाने पाटी काखेत मारली. मी पुढे होऊन त्याच्या गळ्याचं फडकं सरळ केलं. ते ओलंचिंब होतं, बर्फासारखं गार.

दुसऱ्या दिवशी काकाने बी मातीत टाकलं. मी यंत्र खांद्याला अडकवून धबधब्यावर गेले. पाणी पडत होतं, भरपूर, पांढरंशुभ्र. तुषार तोंडावर येत होते. पक्षी ओरडला तो ऐकू आला. माझ्या चपला खडकावर वाजल्या, त्याही ऐकू आल्या.

पाण्याचा आवाज नव्हता. काटा हलला नाही.

मी धावत घरी आले. तामा अंगणात वेताच्या खुर्चीत, दुपारच्या उन्हात गाढ झोपला होता. मी माइक त्याच्या गळ्यावरच्या फडक्याजवळ नेला.

काटा चढला, आणि तिसऱ्या रेघेवर जाऊन थांबला.