दुसरी सिस्टर

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या ड्रायव्हरकाकांचं तोंड पुसायला कोमट पाणी घेऊन थोरली सिस्टर निघाली, तेव्हा अतिदक्षता विभागात दुपार झाली होती. खिडक्या नाहीत, त्यामुळे दुपार म्हणायची ती घड्याळावरून. बाकी तोच स्पिरिटचा वास आणि तोच हाडांत शिरणारा गारठा.

थोरली कालपासून घरी गेली नव्हती. दोघीजणी नोकरी सोडून गेल्या होत्या, एक तापाने पडली होती. उरल्या ती आणि नुकतीच लागलेली नवी. पूर्वी पेशंटच्या कपाळावर हात ठेवला की ती धीराचे दोन शब्द बोलायची. आता हात आपले फिरत राहायचे, मन कुठेतरी कोपऱ्यात निजलेलं असायचं.

आज मात्र कामं कशी भराभर उरकत होती. सलाईन संपत आलं म्हणून धावावं, तर नवी बाटली लागलेली. चादर बदलायला जावं, तर बदललेली. भिंतीकडच्या पडद्याआड कुणीतरी पाठमोरं वावरताना तिला ओझरतं दिसलंही होतं. पोरगी कामाला वाघ आहे, असं तिच्या मनात आलं.

"सलाईन लावलंस ते बरं केलंस," ती नवीला म्हणाली.

नवी गोंधळली. "मी? मी तर सकाळपासून दाराजवळच्या आजींपाशीच अडकलेय. मला वाटलं, तुम्हीच..."

दोघी कसनुशा हसल्या. दमल्यावर माणूस स्वतः केलेलंही विसरतं.

ड्रायव्हरकाकांच्या घशातली नळी सकाळीच काढली होती. आवाज म्हणजे नुसती हवा. थोरली त्यांचे ओठ पुसू लागली, तोच त्यांनी तिचं मनगट धरलं.

"त्या दुसऱ्या सिस्टरला... माझ्याकडे पाठवू नका."

"का हो काका?"

"यंत्र ओरडलं की येते... बटण दाबून गप्प करते. मग नुसती उभी राहते... बघत."

औषधांच्या अमलात पेशंट काहीबाही बोलतात. थोरली त्यांची समजूत घालणार, एवढ्यात तिच्या ध्यानात आलं. विभागात आवाजच नव्हता. एकाही यंत्राचा नव्हता. ही शांतता बराच वेळ होती, आणि तिला ती बरी वाटत होती.

ती धावली. भिंतीकडचा पडदा ओढला. खाटेवरचा तरुण निळा पडला होता. श्वासाच्या यंत्राची नळी निसटून उशीवर पडली होती आणि वर लाल दिवा मुक्यानेच उघडझाप करत होता.

"डॉक्टरांना बोलाव. पळ."

तिने रबरी पिशवी दाबून त्याच्या छातीत हवा भरायला सुरुवात केली. डॉक्टर आले, सुया टोचल्या, नळी पुन्हा जोडली. पुष्कळ वेळाने त्या ओठांवर रंग परतला. मग तिने एकेक यंत्र तपासलं. सगळ्यांचा आवाज कुणीतरी बंद केला होता.

ती काकांकडे गेली. "कशी दिसत होती ती?"

काकांनी तिच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली.

"तुमच्यासारखीच... दमलेली. पण ती तिकडे पडद्यापाशी होती, तेव्हा तुम्ही इथे, माझ्यापाशी होतात."

मेट्रनबाईंनी दुसऱ्या वॉर्डातून दोघींना आणलं आणि थोरलीला घरी पिटाळलं. "झोप काढल्याशिवाय तोंड दाखवू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी धाकटी बहीण तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली होती. तिने थोरलीच्या हातात चहा दिला. "बाळ निजलंय, तेवढ्यात मी केस धुऊन घेते हं ताई," म्हणत ती न्हाणीघरात गेली.

थोडा वेळ गेला. आतल्या खोलीत बाळ रडू लागलं. थोरलीला उठायचं होतं, पण पाय शिशाचे झाले होते. रडणं चढत गेलं, टिपेला पोहोचलं... आणि मधेच तुटलं.

धाकटी टॉवेलने केस पुसत बाहेर आली. आतल्या दाराकडे पाहून हसली.

"घेतलंस वाटतं तू त्याला? बरं केलंस."

मग तिची नजर खुर्चीवर बसलेल्या थोरलीवर पडली. चहाचा कप अजून भरलेलाच होता.

"ताई... मग आत कोण आहे?"

आतून बाळाला थोपटल्याचा आवाज येत होता. संथ, एका लयीत.