खालून तीन ठोके

बसा. अगोदर पाणी प्या. विहीर मग पाहा, पण काठावर जाऊ नका.

माझ्या पोराचे साहेब आले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. मी शेळीला बाभळीचा पाला टाकत होतो. फुलसावंगीपासून आमच्या वस्तीपर्यंत गाडी येते, पुढं इथवर पायवाट. तेवढ्यातच त्यांचा शर्ट घामानं चिकटला होता. सोबत माझी सून रुपाली. दोघं एकाच कार्यालयातले. माझा पोरगा अश्वजितही तिथलाच. साहेबांना एका कागदावर माझा अंगठा पाहिजे होता. अश्वजित मेला हे मला मान्य आहे, असा कागद.

मी उकंडा. चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. शाळा पाहिली नाही, पण दगडावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारून, तिचं टोक कानाला लावून मी सांगायचो, खाली पोकळ आहे का भरीव. अश्वजित हेच शिकत मोठा झाला. मग तो पार समुद्रात गेला. तिकडं एक बेट आहे म्हणे, त्याच्या डोक्यातून धूर निघतो. त्याच्याभोवती समुद्राच्या तळाचं कवच किती जाड आहे, कुठं तडकलं, हे ही माणसं पाहतात. जहाजावरून यंत्रं सोडतात. ती तळाला बसून महिनोन्‌महिने दगड ऐकतात.

"बाबा, मी तुमचंच काम करून राह्यलो," तो म्हणायचा. "फक्त वरून पाणी हाय."

फेब्रुवारीत तो त्या जहाजावरून पडला. तिसऱ्या दिवशी शोध थांबवून साहेबांनी जहाज माघारी फिरवलं.

माझी बायको म्हणायची, तुमच्या अंगात राग घालायचाच राहून गेला. खरं होतं ते. मी साहेबांना चहा दिला. शाईचा डबा उघडून त्यांनी माझ्यापुढं सरकवला.

तेव्हा रुपाली बोलली. "थांबा बाबा. हे आधी ऐका."

"रुपाली, आपलं ठरलं होतं," साहेब म्हणाले.

"तुमचं ठरलं होतं, सर."

तिनं कॉम्प्युटर उघडला. तळाला बसवलेलं एक यंत्र जहाजाच्या पुढच्या फेरीत वर काढलं होतं, त्यातला आवाज. आधी नुसती घरघर, जात्यासारखी. मग…

ठक. ठक. ठक.

मी हातातली कपबशी खाली ठेवली अन् कान पुढं केला.

विहीर खोदणाऱ्यांचा एक कायदा असतो. सुरुंग लावायच्या आधी खालचा माणूस घणानं तीन ठोके देतो. मी खाली आहे, जिता आहे, बत्ती देऊ नका. वरच्यानं काठावर दोन ठोके द्यायचे. म्हणजे ऐकलं, दोर सोडतो. आणि एकदा दोन ठोके दिले की खालचा वर येईपर्यंत काठ सोडायचा नाही. हातात दोर नसेल तर ठोके द्यायचेच नाहीत. ही खूण माझ्या गड्यांना ठाऊक, अन् अश्वजितला.

"केव्हाचा हाय हा आवाज?" मी विचारलं.

"ते पडले त्या संध्याकाळपासून," रुपाली म्हणाली. "रोज. अठरा दिवस. मग यंत्रच वर काढलं."

"बाबाजी," साहेब हळूच म्हणाले, "तिथं दोन किलोमीटर पाणी आहे वर. माणूस जगत नाही. बेटाखालचं कवच तडकतं, त्याचे आवाज असतात हे."

"कवच तीनदा तडकून थांबते काय? रोज?"

साहेबांनी शाईचा डबा पुन्हा माझ्याकडं सरकवला.

"अठरा दिवस पोरगं ठोकून राह्यलं अन् तुम्ही तिसऱ्या दिवशी निंगाले! काहून? आमच्यात कुत्रं पडलं विहिरीत तरी कोणी काठ सोडत नाही!"

माझा आवाज मलाच ओळखू येईना. मी सब्बल उचलली, विहिरीच्या काठाशी गेलो. मे महिना, विहीर कोरडी, चाळीस फुटांवर काळा दगड उन्हात चकाकत होता.

"पाहा साहेब, जबाब असा देतात."

आणि काठावर दोन ठोके मारले. रागात मारले. हातात दोर नव्हता. चाळीस वर्षांत अशी चूक मी केली नव्हती.

वारा पडला. शेळीनं पाला चघळायचा थांबवला. खालून दगड तापल्याचा वास येत होता, आणि त्यात दुसरा एक, खारा…

ठक. ठक. ठक.

आमच्या विहिरीतून. कॉम्प्युटर तर रुपालीनं केव्हाच मिटला होता. साहेबांनीही ऐकलं. त्यांचे ओठ पांढरे पडले.

"दोर आण पोरी," मी म्हणालो. "जबाब दिला मी."

दोर सोडला. टोक तळाच्या दगडावर पडलेलं आम्हाला तिघांनाही दिसत होतं. भोवती काहीच नव्हतं. मग दोर ताणला गेला.

"धरा साहेब! एकदा सोडलं तुम्ही. आता धरा!"

त्यांनी धरला. तिघांनी ओढला. एका माणसाचं वजन, बरोबर तेवढंच. हाताला कळतं ते. दोर निम्म्यावर आला असेल, साहेब एकदम किंचाळले, "थंड आहे… हे थंड आहे…" आणि त्यांनी हात सोडले. दोर सरसर खाली गेला, आमचे तळवे सोलले. मी कसाबसा दोर कडुनिंबाला गुंडाळला.

साहेब पळतच पायवाटेला लागले. कागद इथंच राहिला. अंगठा मी दिला नाही, देणारही नाही.

दोर अजून तसाच आहे, बघा. टोक तळापासून पुरुषभर वर. त्याला काही बांधलेलं दिसत नाही, पण ताणलेला आहे. वाऱ्यानं हलत नाही. मी आणि रुपाली रोज ओढायला उभं राहतो. हात लावतो… आणि ओढत नाही.

कारण सब्बल कानाला लावली की खालून ठोके येतात. तीन. थांबून परत तीन. हात अश्वजितचाच, तिसरा ठोका जरा हलका, लहानपणापासून तसाच.

तो अजून खालीच आहे. मग दोराला कोण आहे?